कॉलेज कोणतं घ्यायचं? आणि घेतल्यावर काय करायचं?

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की आपल्याला एक पदवी लगेच, परीक्षेशिवाय बहाल होते. ती म्हणजे 'नातेवाइकांचा सल्लागार'! सीईटीचा निकाल लागला रे लागला, की मावशी, आत्या, शेजारचे काका, बाबांच्या ऑफिसमधले साहेब, सगळ्यांचे फोन सुरू होतात. "आमच्या बंटीला अमुक पर्सेंटाईल आहेत, कुठलं कॉलेज चांगलं?" आपणही मोठ्या रुबाबात एक-दोन नावं सांगतो आणि फोन ठेवतो. पण खरं सांगा, आपण काय सांगतो ते आपल्याला तरी नीट माहीत असतं का?

हा प्रश्न दोन मिनिटांत उडवून लावण्यासारखा नाही. बंटीची चार वर्षं, त्याच्या घरच्यांचे काही लाख रुपये, कधीकधी गावाकडच्या जमिनीवर काढलेलं कर्ज, एवढं सगळं त्या एका फॉर्ममध्ये भरलेलं असतं. म्हणून हा लेख. पहिला भाग तुमच्या 'बंटी'साठी, दुसरा तुमच्या-माझ्यासाठी. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीत कुठे ठेच लागली तर मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं!

आधी पर्सेंटाईल म्हणजे काय ते समजून घेऊ

घरोघरी होणारी पहिली गडबड इथेच असते. "९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के की!" असं आजोबा कौतुकाने सगळ्यांना सांगतात. तसं नाही. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर, वेगवेगळ्या सत्रांत होते. एका सत्राचा पेपर थोडा सोपा, दुसऱ्याचा थोडा अवघड असू शकतो. म्हणून नुसते गुण न बघता, तुमच्या सत्रात किती टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण आहेत ते बघतात. ९० पर्सेंटाईल म्हणजे शंभरातली साधारण दहा मुलं तुमच्या पुढे. समजा तीन लाख मुलं बसली, तर तुमच्या पुढे तीस हजारांच्या आसपास मुलं झाली. ९९ असतील तर तीन हजार. म्हणजे एका पर्सेंटाईलच्या फरकात तीन हजार मुलं बसलेली असतात! त्यामुळे "अर्ध्या पर्सेंटाईलने काय होतंय" असं म्हणू नका, अर्ध्या पर्सेंटाईलने पुष्कळ काही होतं.

आता 'कट-ऑफ'. कट-ऑफ कॉलेज ठरवत नाही. मागच्या वर्षी त्या कॉलेजात, त्या शाखेत, त्या प्रवर्गात आणि त्या फेरीत ज्या शेवटच्या मुलाला जागा मिळाली, त्याचा क्रमांक म्हणजे कट-ऑफ. म्हणजे तो मागच्या वर्षीच्या मुलांच्या पसंतीचा आकडा आहे. तिथे शिकवतात कसं, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. सिनेमाच्या तिकिटाची रांग लांब आहे म्हणून सिनेमा चांगलाच असेल असं थोडंच आहे? बरेचदा असतो, पण प्रत्येक वेळी नाही.

ऑप्शन फॉर्म भरण्याची किल्ली

कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना एक गैरसमज फार जोरात असतो. "मोठं कॉलेज वर टाकलं आणि ते मिळालं नाही, तर खालचंही हातचं जातं." असं होत नाही. प्रक्रिया साधी आहे. गुणवत्ता यादीतला पहिला मुलगा घेतात, त्याच्या यादीत वरून खाली जातात आणि जी पहिली जागा शिल्लक असेल ती त्याला देतात. मग दुसरा मुलगा, मग तिसरा. तुमची पाळी येते तेव्हा तुमच्या यादीतलं पहिलं भरलेलं असेल तर दुसरं बघतात, तेही भरलेलं असेल तर तिसरं. वरच्या क्रमांकावर मोठं कॉलेज टाकल्याने खालच्याचं काहीही नुकसान होत नाही.

यातून नियम निघतो तो असा: यादी कट-ऑफच्या क्रमाने लावू नका, स्वतःच्या आवडीच्या क्रमाने लावा. जे सगळ्यात जास्त हवं ते सगळ्यात वर. आणि यादी लांब ठेवा, कारण फॉर्म छोटा ठेवल्याबद्दल बक्षीस मिळत नाही.

पण याला एक दुसरी बाजू आहे. २०२५ च्या प्रवेशाच्या वेळी चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा होता की पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागेल. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळाला तर घ्यायचा, तिसरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे 'बघू तर खरं मिळतंय का' म्हणून वरती काहीही टाकलं आणि नेमकं तेच पदरात पडलं, तर पुढची वाट बंद! तेव्हा वरचे पर्याय घरच्यांशी बोलून, मिळाले तर नक्की जाऊ अशा बेताने भरा. आणि हे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. दादाने सांगितलं होतं हे कारण फेरी हुकल्यावर कोणी ऐकत नाही.

शाखा मोठी की कॉलेज मोठं?

हा तर इंजिनिअरिंगचा सनातन वाद. नामवंत कॉलेजात न आवडणारी शाखा घ्यायची, की साध्या कॉलेजात आवडती? माझ्या मते उत्तर त्या मुलाला शाखेबद्दल खरंच काही माहीत आहे का, यावर अवलंबून आहे. बारावीतल्या निम्म्या मुलांना 'कॉम्प्युटर' आवडतं म्हणजे मोबाइल आवडतो! अशा मुलाने चांगलं कॉलेज धरावं. चांगले सोबती, भरलेली लायब्ररी, चालू स्थितीतल्या लॅब यांचा फायदा कुठल्याही शाखेत होतो. पण एखादी मुलगी आठवीपासून मोटारी खोलून जोडत असेल, तर तिला नावासाठी दुसरीकडे ढकलू नका. तिने मेकॅनिकलच घ्यावं.

आणि 'वारं' बघून शाखा घेण्याबद्दल थोडं सबुरीने. आज जे वारं दिसतंय ते आज नोकरीला लागणाऱ्यांचं आहे, बंटी चार वर्षांनी बाहेर पडणार. २००१ मध्ये आयटीचा फुगा फुटला, २००८-०९ मध्ये मंदी आली, २०२२ च्या अखेरीपासून जगभरातल्या बड्या आयटी कंपन्यांनी माणसं कमी केली. दर वेळी त्याच्या आदल्या वर्षापर्यंत सगळे "आता फक्त आयटीच" म्हणत होते. उलट सिव्हिल, इलेक्ट्रिकल 'संपलं' असं कितीदा ऐकलं, पण पूल बांधायचे थांबले नाहीत आणि वीज लागायची थांबली नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे!

कॉलेजची कुंडली कशी काढायची?

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचं शिक्षण जुनं आहे. पुण्याच्या सीओईपीची सुरुवात १८५४ ची, मुंबईच्या व्हीजेटीआयची १८८७ ची, सांगलीच्या वालचंदची १९४७ ची. १९८३ पासून विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि मग जिल्ह्याजिल्ह्यात कॉलेजं उभी राहिली. जुन्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. खरा प्रश्न असतो तो मधल्या शेकडो कॉलेजांतून निवडण्याचा. तिथे पुढच्या गोष्टी तपासा.

मान्यता. एआयसीटीईची मान्यता लागतेच, ती नसेल तर पुढे बघायलाच नको. नॅक आणि एनबीए यांत लोक गल्लत करतात. नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यमापन करते, तर एनबीए एकेका शाखेला मान्यता देते, तीही ठरावीक वर्षांपुरती. त्यामुळे गेटवर 'एनबीए मान्यताप्राप्त' असा बोर्ड दिसला, तर दोन प्रश्न विचारा: कुठल्या शाखेला? आणि कधीपर्यंत? कदाचित मान्यता मेकॅनिकलला असेल आणि तुम्ही घेताय कॉम्प्युटर.

स्वायत्त की संलग्न? स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. फायदा असा की अभ्यासक्रम लवकर बदलता येतो आणि निकाल वेळेवर लागतात. पण शिकवणारे, पेपर काढणारे आणि तपासणारे साधारण तेच. म्हणून प्राध्यापक चांगले असतील तर स्वायत्तता सोन्याहून पिवळी, नसतील तर त्यावर बाहेरचा वचकही कमी.

प्राध्यापक. एआयसीटीईच्या निकषाप्रमाणे २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचं पत्रक टाकावं लागतं. त्यात शिक्षकांची यादी, शिक्षण, फी, जागा, सगळं असतं. कंटाळवाणं असतं, पण गुळगुळीत माहितीपत्रकापेक्षा तेच वाचा. विभागात डॉक्टरेट झालेले किती, आणि निम्मे शिक्षक याच वर्षी आलेले आहेत का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

प्लेसमेंट. इथे दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! 'सरासरी पॅकेज आठ लाख' हा आकडा घ्या. समजा दहा मुलांना नोकरी लागली. नऊ जणांना चार-चार लाख, एकाला चव्वेचाळीस लाख. बेरीज ऐंशी लाख, भागिले दहा, सरासरी आठ लाख! आणि प्रत्यक्षात आठ लाख एकालाही मिळालेले नाहीत. म्हणून सरासरी विचारू नका, 'मीडियन' म्हणजे मधल्या मुलाचा पगार विचारा. वरच्या उदाहरणात तो चार लाख येतो आणि तोच खरा. २०१६ पासून केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी प्रसिद्ध होते. त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजांना हा मधला पगार आणि नोकरी मिळालेल्यांची संख्या द्यावी लागते, आणि ती माहिती त्यांच्या वेबसाइटवर बघता येते. शिवाय '१०० टक्के प्लेसमेंट' दिसलं तर विचारा, शंभर टक्के कशाचे? वर्गातल्या सगळ्यांचे, की कंपन्यांच्या अटीत बसणाऱ्यांचे? एकाच मुलाला तीन ऑफर मिळाल्या तर तो तीनदा मोजलाय का?

स्वतः जाऊन बघा. आणि जाल ते कामाच्या दिवशी, 'ओपन डे'ला नको. त्या दिवशी रांगोळी असते, लेथ मशीन पुसलेलं असतं आणि प्राचार्य गेटवर असतात. साध्या मंगळवारी दुपारी जा. लॅबमधल्या यंत्रांवर धूळ आहे की तेल, ते बघा. लायब्ररी संध्याकाळी किती वाजता बंद होते ते विचारा. कँटीनमध्ये सेकंड इयरची चार मुलं गाठा आणि चहा पाजा. त्यांना "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नका, सगळे "चांगलंय" म्हणतात. "मागच्या आठवड्यात किती लेक्चर झाली?", "पहिल्या वर्षाला हॉस्टेल नक्की मिळतं का?", "पाणी किती वेळ असतं?", "स्टेशनवर जाणारी शेवटची बस किती वाजता?" असे प्रश्न विचारा. एका चहात माहितीपत्रकाच्या चाळीस पानांपेक्षा जास्त कळेल.

पैशाचं बोलू काही

आपल्याकडे मुलांसमोर पैशाचा विषय काढत नाहीत. काढायला हवा. ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप, या सगळ्याची बेरीज करून चारने गुणा. दोन कॉलेजांत वर्षाला साठ हजारांचा फरक असेल तर चार वर्षांत तो दोन लाख चाळीस हजार होतो. दुसरं कॉलेज खरंच तेवढ्याने चांगलं आहे का, हे मग ठरवा.

कर्ज काढणार असाल तर हप्ता आधी काढून बघा. चार लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत, तर महिन्याला सुमारे ५,३०० रुपये. शिकत असताना चढलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. पहिल्या नोकरीच्या पगारातून हे आणि शहरातलं खोलीभाडं दोन्ही जायचं आहे. हे गणित एम-वनपेक्षा सोपं आहे, पण जास्त महत्त्वाचं.

सवलतींची माहिती मात्र नक्की घ्या, कारण माहिती नाही म्हणून पैसे भरणारे खूप. प्रत्येक शाखेत टीएफडब्ल्यूएस म्हणून पाच टक्के जादा जागा असतात. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तिथे ट्यूशन फी माफ असते. ऑप्शन फॉर्ममध्ये त्याचा कोड वेगळा असतो, तो न टाकता पुढे जाऊ नका. २०२४-२५ पासून राज्य सरकारने, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास घटकांतल्या आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण देण्याचा निर्णय लागू केला. पण अट अशी की प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला तर हे मिळत नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने फी शिष्यवृत्ती आहे आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने निर्वाह भत्ता. हे अर्ज 'महाडीबीटी'वर भरतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर यांसाठी तहसील कचेरीच्या फेऱ्या मे महिन्यातच उरका. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही.

आणि कोणी पावतीशिवाय 'डोनेशन' मागितलं तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेणं १९८७ च्या कायद्याने बंद आहे. तसंच, मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्याचा अधिकार कुठल्याही कॉलेजला नाही. बघून, झेरॉक्स घेऊन ती परत द्यायची असतात.

आता आपल्याबद्दल!

झालं, बंटी मार्गी लागला. आता आपण, म्हणजे जे आधीच आत आलोय ते. मनासारखं कॉलेज मिळालं नाही म्हणून दोन-दोन वर्षं उसासे टाकणारे हॉस्टेलमध्ये कमी नाहीत. दुरून डोंगर साजरे! ज्या कॉलेजसाठी आपण झुरतो, तिथलीही मुलं मेसच्या भाजीला शिव्याच घालतात. कॉलेज निवडण्याचा निर्णय एकदाच होतो. त्या कॉलेजचं काय करायचं हा निर्णय मात्र रोज सकाळी, आठच्या लेक्चरला उठायचं की नाही, तिथून सुरू होतो.

पहिले सहा आठवडे. पहिल्या सेमिस्टरला सगळ्यांना वाटतं, बारावी झाली, आता सुटलो. आणि एम-वन, मेकॅनिक्स, ग्राफिक्स हे तिघे दबा धरून बसलेले असतात. यांची गोष्ट अशी की मागचं आलं नाही तर पुढचं येत नाही. डेरिव्हेटिव्ह कच्चं राहिलं की पार्शल डेरिव्हेटिव्ह म्हणजे अंधार. एटीकेटी म्हणजे एक-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा. मुभाच ती, माफी नव्हे! कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या 'लाइव्ह बॅकलॉग' असेल तर परीक्षेलाही बसू देत नाहीत, आणि साठ टक्क्यांची अट तर अनेकांची असते. पहिल्या वर्षाचे गुण चौथ्या वर्षी असे समोर उभे राहतात.

क्रेडिटचा हिशेब. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पूर्ण पदवीला १६० क्रेडिट होते, म्हणजे सेमिस्टरला सरासरी वीस. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा हे इथेच लिहिलेलं आहे. चार क्रेडिटच्या गणिताला आठवड्यात शून्य तास आणि एका क्रेडिटच्या विषयाची फाइल सजवायला दोन रात्री, हा आपला नेहमीचा व्यवहार तोट्याचा आहे.

वाचू नका, आठवा. पीएलमध्ये आपण काय करतो? लोकल ऑथरचं पुस्तक घेतो, पिवळ्या हायलायटरने अख्खं पान रंगवतो, तीनदा वाचतो आणि "झालं" म्हणतो. यावर २००६ मध्ये अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला आणि परत वाचला. दुसऱ्यांनी तो वाचला आणि मग न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानंतर चित्र उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवलं, परत वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के. म्हणजे वाचताना 'येतंय' असं जे वाटतं ते फसवं असतं. पुस्तक बंद करा, कोऱ्या पानावर सर्किट काढा, डेरिव्हेशन लिहा, अडलं की मगच उघडा. मागच्या पाच वर्षांचे पेपर शेवटच्या रात्री बघायचे नसतात, दर युनिट संपलं की त्यातले प्रश्न सोडवायचे असतात.

'नाइट' मारण्याबद्दल. रात्रभर जागून पेपर दिल्याच्या वीरगाथा आपण सगळे सांगतो. पण झोपेतच मेंदू दिवसभरात शिकलेलं पक्कं करत असतो. म्हणजे नाइट मारणारा नेमकं तेच कापतो, ज्यासाठी तो जागतोय. रोज तासभर केलं तर सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये शंभराच्या वर तास होतात. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आजीने उगाच सांगितली नाही.

जर्नल आणि जीटी. काचेखाली ट्यूबलाइट लावून शीट उतरवणं, एकाची असाइनमेंट सत्तर जणांनी छापणं, ही आपली परंपरा! एकदम बंद करा असं म्हटलं तर हा अंक कोणी हातात धरणार नाही. पण छापताना एवढं तरी करा: निष्कर्ष स्वतःचा लिहा. रीडिंग असं का आलं, थिअरीपेक्षा दोन व्होल्ट कमी का, याचं उत्तर शोधा. व्हायवाला एक्सटर्नल हेच विचारतात आणि नोकरीतही हेच विचारणार आहेत.

भाषेची देवाणघेवाण. हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, गावातल्या मराठी शाळेत शिकलेला. पहिलं सेमिस्टरभर तो वर्गात एक शब्द बोलला नाही. आम्हाला वाटायचं त्याला येत नाही. एकदा लॅबमध्ये ट्रान्झिस्टर कसा चालतो ते त्याने पाटाच्या पाण्याचं आणि बाऱ्याचं उदाहरण देऊन मराठीत समजावलं. थोडंसं बारं उघडायचं आणि मोठा प्रवाह हलवायचा! आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना इंग्रजी व्याख्या पाठ होती, अर्थ त्या दिवशी कळला. त्यानंतर आमचा करार झाला. तो मराठीत समजावणार, आम्ही त्याच्याकडून तेच इंग्रजीत बोलून घेणार. तिसऱ्या सेमिस्टरला त्याने इंग्रजीत सेमिनार दिला, अडखळत दिला, पण प्रश्नांची उत्तरं सगळ्यांपेक्षा चांगली दिली.

म्हणून मराठी माध्यमातल्या मित्रांनो, इंग्रजी न येणं म्हणजे इंजिनिअरिंग न येणं नव्हे. २०२१ पासून एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिलेली आहे, आणि आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर बरेच धडे मराठीतून ऐकता येतात. आधी विषय मराठीत समजून घ्या, मग रोज पाच वाक्यं इंग्रजीत मोठ्याने बोला. शिकवणारे आवडले नाहीत तर आयआयटींनी आणि बंगळूरच्या आयआयएससीने २००३ मध्ये सुरू केलेली 'एनपीटेल'ची व्याख्यानं फुकट आहेत. आणि कॉन्व्हेंटवाल्यांनो, समोरचा अडखळला तर हसू नका. आपली फाडफाड इंग्रजी म्हणजे ज्ञान नव्हे.

सरांच्या केबिनचं दार. बहुतेक प्राध्यापकांकडे मुलं दोनदाच जातात, सबमिशनची सही घ्यायला आणि डिफॉल्टर यादीतून नाव काढायला. तिसऱ्या कारणासाठी जाऊन बघा, म्हणजे शंका विचारायला. सर आधी दचकतील, पण मग बसवून सांगतील! प्रोजेक्टला, शिफारसपत्राला, पुढच्या शिक्षणाला हीच ओळख कामाला येते. स्टाफमधल्या वाचकांनाही एक नम्र विनंती: ते दार थोडं उघडं ठेवलंत, तर पहिल्या वर्षातली दबकी मुलंही आत येतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. यूजीसीचे नियम २००९ चे आहेत. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२, आणि तक्रार नाव न सांगताही करता येते. 'थोडी गंमत' असं त्याला कोणी म्हणत असेल तर ज्याची गंमत होतेय त्याला विचारा.

त्याहून शांतपणे घडणारी गोष्ट म्हणजे एखाद्याचं मिटत जाणं. तो मेसला यायचा बंद होतो, दिवसा झोपतो, घरून फोन आला की कापतो, "माझं काही होणार नाही" असं हसत हसत म्हणतो. वर्ष गेलं म्हणजे एक वर्ष गेलं, आयुष्य नाही. चार वर्षांची डिग्री पाच वर्षांत झालेली पुष्कळ माणसं आज उत्तम काम करताहेत, आणि त्यांना ते पाचवं वर्ष कोणी विचारत नाही. पण हे त्या खोलीत एकट्याने बसलेल्याला आतून दिसत नाही, ते बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची सेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर प्रत्येकाने आत्ताच मोबाइलमध्ये घाला, स्वतःसाठी नाही तर शेजारच्यासाठी.

थोडक्यात काय, तर कॉलेज आपल्याला खोली देतं, लॅब देतं, लायब्ररीचं कार्ड देतं. बाकीचं शिक्षण एकमेकांकडून होतं. यंदा पहिल्या वर्षाची मुलंमुली ट्रंका घेऊन कॉरिडॉरमध्ये उभी राहतील, कोणाचे बाबा बाहेर पंख्याचं रेग्युलेटर चालतंय का ते बघत असतील. त्यांना 'सिनिअर' म्हणून आधी नाव विचारा, मग जेवलात का विचारा, आणि एम-वनच्या नोट्स कुठे मिळतात तेही सांगा. सर्वांना नव्या वर्षाच्या अभ्यासासाठी शुभेच्छा!

– तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार विभाग
(मुलींचे वसतिगृह)